डबा भरेपर्यंत

सूनबाई नेमकं काय काम करते, हे सासऱ्यांना चार वर्षांत उमगलं नव्हतं. शेजारीपाजारी विचारायचे, तेव्हा ते सांगायचे, "दुसऱ्यांच्या कारखान्यात जाते, लोक काम करत असतात ते बघत बसते, आणि त्याचे पैसे घेते." वर पुन्हा हसून म्हणायचे, "इंजिनियर आहे म्हणे. पण घरातला पंखा बिघडला की स्टुलावर मलाच चढावं लागतं!"

आता यात खोटं तसं काहीच नव्हतं. कुठलंही काम दहा हातांतून जातं. ते कुठे अडतं, का अडतं, आणि कसं मोकळं करायचं, हे शोधायचं तिचं काम. त्यासाठी ती बघत बसायची हे खरंच. एक घड्याळ, एक वही आणि समोरच्याला वीट येईपर्यंत विचारलेले प्रश्न, एवढीच तिची हत्यारं.

सासरे स्वतः चष्म्याच्या कारखान्यात होते, एकतीस वर्षं. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, ओळीनं सात टेबलं. दुकानांकडून चिठ्ठी आणि फ्रेम यायची. पहिल्या टेबलावर चिठ्ठीवरचा नंबर वाचून काच निवडायची, मग ती घासायची, कापायची, फ्रेममध्ये बसवायची, असं करत करत चष्मा सातव्या टेबलावर पोचायचा. सातवं टेबल सासऱ्यांचं. म्हणून सगळे त्यांना 'शेवटचे काका' म्हणायचे. ते यंत्रावर नंबर पडताळायचे, चष्मा स्वतःच्या नाकावर ठेवून सरळ बसतो का बघायचे, पुसायचे आणि डब्यात घालायचे. त्यांच्या हातून वाकडा चष्मा बाहेर गेला, असं एकदाही झालं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता आणि तो का नसावा?

तर एका सोमवारी त्याच कारखान्याच्या मालकांनी सूनबाईला बोलावलं.

"दुकानदार नुसते बोंबलतायत," मालक म्हणाले. "दहा दहा दिवस चष्मा मिळत नाही. असंच चाललं तर एकेक दुकान हातचं जाईल. शनिवारी यंत्रवाला येतोय. तपासणी आणि बांधणी दोन्ही करणारं यंत्र. सगळा ढीग शेवटच्या टेबलामागेच लागतो, डोळ्यांना दिसतंय."

"ते टेबल माझ्या सासऱ्यांचं आहे."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं!" मालकांनी टेबलावरचा यंत्राचा कागद उगाच सरळ केला. "लहानपणी मी पहिला स्क्रू पिळला तो त्यांच्या मांडीवर बसून. माझी जीभ नाही रेटत हो. तुम्ही आकडे मांडून सांगितलंत की त्यांना पटेल. घरची माणसं तुम्ही."

घ्या! म्हणजे साप यांनी बघायचा आणि काठी मात्र दुसऱ्याची. सूनबाईला असा राग आला की खुर्ची सरकवून उठावं. पण उठून गेली असती तर शनिवारी सही झाली असती, आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना बाबा, म्हणजे सासरे, घरी बसले असते. कामाशिवाय त्यांना काही येत नाही. रविवारी दुपारीच त्यांचा जीव घाबरा होतो.

"शनिवारपर्यंत कुठेही सही करू नका," ती म्हणाली. "जे दिसेल ते सांगेन."

"आणि काकांच्या विरुद्ध दिसलं तर?"

"तर तेही सांगेन."

बोलली मोठ्या तोऱ्यात, आणि उठून थेट पहिल्या टेबलाकडे गेली.

घरी तर याबद्दल चकार शब्द काढायची सोय नव्हती. सासूबाईंचा नियम होता: उंबऱ्याच्या आत कारखाना काढायचा नाही. तिचं लग्न होऊन ती या घरात आली त्याच्या कितीतरी आधीपासूनचा नियम, दगडावरची रेघ. त्यामुळे सोमवारी जेवताना बाबा भात कालवत राहिले, ती ताटाकडे बघत राहिली, आणि नवरा दोघांकडे आळीपाळीनं बघून शेवटी म्हणाला, "आज भाजीत मीठ आहे ना?" होतं. नेहमीएवढंच होतं.

तिनं केलं काय, तर त्याच सोमवारी सकाळी दहाला आलेल्या एका फ्रेमला हिरवा दोरा बांधला आणि तो ट्रे जाईल तिथे स्टूल घेऊन जायची. ट्रे थांबला की ही थांबायची, ट्रे सरकला की ही सरकायची. काच घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं बाई, दवाखान्यात पेशंटजवळ सुद्धा कोणी इतकं बसत नाही." सगळे खो खो हसले. ही पण हसली आणि वहीत लिहिलं: घासणे, अकरा मिनिटं.

मंगळवारी अकरा वाजता हिरवा दोरा सातव्या टेबलावर आला. बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कामावर सूनबिन काही नाही. चार मिनिटांत चष्मा तपासला, नाकावर ठेवला, पुसला, मागे वळले आणि भिंतीवरच्या एका खणातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला. भिंतीवर असे चाळीस खण होते, दर दुकानाला एक. प्रत्येक डब्यात बारा चष्म्यांच्या बारा जागा.

"आता हा कधी जाणार?" तिनं विचारलं.

"डबा भरला की."

"यात तर तीनच आहेत."

"मग अजून नऊ आले की," बाबा म्हणाले, आणि पुढचा ट्रे ओढला.

चार वाजता गाडी सुटली. गाडीवाले दादा रोज चारला निघायचे, गावभर फिरायचे. सूनबाईनं मागे डोकावून पाहिलं. पाच डबे, एक जादाचं चाक आणि दादांची जेवणाची पिशवी. बाकी गाडीत क्रिकेट खेळावं इतकी जागा. आणि इकडे भिंतीवर शंभराच्या आसपास तयार चष्मे, पुसून झाल्यापासून गप्प बसलेले.

बुधवारी तिनं जुन्या चिठ्ठ्या काढल्या. मोठ्या दुकानांचे डबे एका दिवसात भरत होते, त्यांची तक्रारच नव्हती. बोंबलत होती ती छोटी दुकानं. त्यांचा डबा भरायला आठ दिवस. मालक यंत्र शोधायला जगभर फिरत होते, आणि दुखणं पाठीमागच्या भिंतीवर टांगलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

पण ही गोष्ट बाबांना सांगायची कशी? तिच्या वहीत 'सातवं टेबल, आठ दिवस' असंच लिहिलेलं होतं. मालकांनी तेवढंच वाचलं असतं तर संपलंच. आणि मालक तेवढंच वाचणार, याची तिला खात्री होती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं बाबांच्या शेजारी स्टूल ओढलं. उंबऱ्याच्या बाहेर असल्यामुळे नियम मोडत नव्हता. तिनं एक कागदी पट्टी उलगडली. तासाला एक बोट, या हिशेबानं चिकटवत चिकटवत केलेली पट्टी. ती सातव्या टेबलावरून खाली आली आणि चौथ्या टेबलापर्यंत जमिनीवर पसरत गेली.

"बाबा, चष्म्यावर खरोखर हात चालतो तेवढी जागा मी लाल केलीय. बावन्न मिनिटं."

बाबांनी पट्टीवरून नजर फिरवली. इथे एक ठिपका, तिथे एक रेघ. सगळं लाल एकत्र केलं तरी अंगठ्याच्या नखाएवढं. उरलेला सगळा कागद कोरा, आणि त्यातला बहुतेक कोरा त्यांच्या टेबलापाशी.

त्यांनी जेवणाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "यंत्र येणार आहे, ठाऊक आहे मला. सगळ्यांना ठाऊक आहे. मालक आठवडाभर माझी नजर चुकवतोय, मला काय कळत नाही?"

"बाबा, तसं नाही..."

"यंत्राचं मला काही नाही गं. आज ना उद्या घरी बसायचंच आहे." त्यांनी पट्टीचं टोक बोटांत धरलं. "पण म्हणजे कोणीतरी तिकडे आठ दिवस चाचपडत बसलंय, आणि त्याचा चष्मा माझ्या पाठीमागे? अगं, मी रोज सकाळी धूळ बसू नये म्हणून पुसतो ते सगळे. रोज!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकी वर्षं ज्या माणसानं वाकडा चष्मा बाहेर जाऊ दिला नाही, त्याला सरळ चष्मा अडकवून ठेवल्याचं असं काही लागलं, की सूनबाईलाच आपल्या पट्टीची लाज वाटली.

"तुम्ही अडवला नाहीत, नियमानं अडवला," ती म्हणाली. "यंत्राच्या कागदावरपण बघा, 'बारा चष्म्यांचा डबा' लिहिलंय. ते यंत्रही डबा भरेपर्यंत असंच बसेल, फक्त वीज खात बसेल. चोर सोडून संन्याशाला फाशी! हा बाराचा नियम केला कोणी?"

"थोरल्या बाईंनी. मालकांच्या आई. तेव्हा कारखाना त्याच बघायच्या. बावीस वर्षं झाली."

"का केला?"

बाबांनी मागच्या भिंतीवरच्या डब्यांकडे पाहिलं.

"नियमाला कोणी 'का' विचारतं का?" ते म्हणाले.

"मी त्याचेच पैसे घेते, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना तिचं काम कळलं असावं, कारण ते हसले नाहीत. "उद्या वर जाऊ," ते म्हणाले.

थोरल्या बाई कारखान्याच्याच वरच्या मजल्यावर राहायच्या. गुडघ्यांमुळे तीन वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या, पण जीभ मात्र जिना चढउतार करायला समर्थ होती. शुक्रवारी सकाळी हे दोघं गेले तेव्हा त्या गच्चीत एका रोपाला दमात घेत होत्या.

"बाई, एक विचारायचं होतं," बाबा टोपी काढून म्हणाले. "तो बाराचा नियम..."

"कुठले बारा?"

"डब्यातले. डबा भरल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं तुम्ही सांगितलं होतं."

थोरल्या बाईंनी खुरपं खाली ठेवलं. आठवायला वेळ लागला. मग डोळे एकदम मोठे झाले.

"अहो, ते तर गाडीवाल्याचा पाय मोडला होता तेव्हा! महिनाभर मीच स्कूटरवरून डबे पोचवत होते. अर्धे अर्धे डबे घेऊन किती फेऱ्या मारू मी एकटी? म्हणून म्हटलं, भरल्याशिवाय काढू नका. पाय बरा होईपर्यंत म्हटलं होतं मी!"

बाबा हातातली टोपी उलटीसुलटी करू लागले.

"ते... पाय बरा झाल्याचं मला कोणी सांगितलं नाही," बाबा हळूच म्हणाले.

"सांगायला कशाला हवं? स्वतःच्या पोरीच्या लग्नात नाचला तो, दोन तास!" बाई कडाडल्या. "आणि त्याच्या शेजारी कोण नाचत होतं? तुम्ही!"

सूनबाईनं ओठ दाबले, श्वास रोखला, काय काय केलं, पण हसू फुटलंच. आणि ते फुटलेलं बघून बाबांना फुटलं, आणि बाबांना बघून थोरल्या बाईंना. म्हातारी हसता हसता कुंडीवर टेकली. बाबा जिन्याच्या कठड्याला धरून हसत होते, डोळे पुसत होते आणि म्हणत होते, "बावीस वर्षं! अहो, तो आता आजोबा झाला!"

त्या दिवशी चारच्या गाडीसाठी बाबांनी भिंत रिकामी करायला घेतली. पण पहिलाच डबा, तीन चष्म्यांचा, त्यांच्या हातून बंद होईना. झाकण धरून उभेच. "रिकामा वाजतो गं," ते म्हणाले. सूनबाईनं रिकाम्या जागांत कापूस भरून दिला. मग झाकण लागलं, आणि मग मात्र त्यांचे हात असे सुटले की दादांना गाडी भरायला मावशींची मदत घ्यावी लागली. भरलेली गाडी बघून दादा म्हणाले, "आज काय लग्नबिग्न आहे का?"

"तुमचा पाय बरा झाला त्याचा आनंद," बाबा म्हणाले, आणि स्वतःही गाडीत चढले. हिरवा दोरा त्यांना स्वतः पोचवायचा होता. सूनबाई मागे डब्यांच्या मधे कशीबशी बसली.

छोटंसं दुकान. दारात एक घड्याळजी स्टुलावर बसलेला. दुकानदार म्हणाला, "हे रोज येऊन विचारतात, आणि मी रोज सांगतो, अजून डबा भरला नाही." घड्याळजीनं चष्मा घातला. समोरची पाटी वाचली, छपराकडे बघितलं, स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले, आणि मग बाबांचं मनगट धरलं.

"साहेब, तुमचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे."

"बावीस वर्षं मागे होतं," बाबा म्हणाले. घड्याळजीला काही कळलं नाही, पण त्यानं तिथेच बाजूची चावी फिरवून घड्याळ लावून दिलं. परत येताना बाबा गाडीत दर दोन मिनिटांनी मनगट बघत होते. एकतीस वर्षांत आपण तपासलेला चष्मा घातलेला चेहरा त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला होता.

शनिवारी चकचकीत बुटांचा यंत्रवाला मालकांच्या खोलीत येऊन बसला. सूनबाई पट्टी उलगडणार, तेवढ्यात बाबाच पुढे झाले.

"मालक, चष्मे आठ दिवस माझ्या टेबलामागे अडत होते. खरं आहे. कालपासून एकही दिवस अडत नाही. भिंत बघून घ्या."

मालकांनी दारातून भिंत पाहिली. चाळीस खण, सगळे रिकामे. एवढ्यात जिन्यावर गलका झाला. थोरल्या बाई गाडीवाल्या दादांचा हात धरून एकेक पायरी उतरत होत्या. सगळा कारखाना उभा राहिला.

"माझ्या नावावर इथे आणखी कुठले कुठले नियम चालतात? सांगा!" त्या म्हणाल्या.

आणि हो, निघाले की! मागची खिडकी उघडायची नाही, कारण बाईंनी सांगितलं होतं. कधी? तर शेजारच्या भिंतीला रंग लागत होता तेव्हा. निळे ट्रे वापरायचे नाहीत. का? कोणालाच ठाऊक नाही, बाईंनाही नाही. मावशींनी तिथल्या तिथे खिडकी उघडली. वीस वर्षांची धूळ उडाली, सगळे शिंकले आणि खोलीत वारा आला.

मालक मात्र पट्टीकडेच बघत होते. "मग आता... काकांचं टेबल?" त्यांनी विचारलं.

"ते तिथे ठेवायचं नाही," सूनबाई म्हणाली. "हलवायचं."

मावशी खिडकीपाशीच थबकल्या. बाबांचा चेहरा उतरला. तिला तो उतरलेला दिसला, म्हणून ती पुढचं वाक्य घाईघाईनंच बोलली.

"पहिल्या टेबलाशेजारी न्यायचं! बाबा जे चष्मे परत पाठवतात ना, त्यातले दहापैकी आठ पहिल्या टेबलावरच चुकलेले असतात. चिठ्ठीवरचं अक्षर नीट लागत नाही, काच भलतीच निघते. मग सहा टेबलांची मेहनत होते आणि शेवटी बाबा चूक पकडतात. ते सुरुवातीलाच बसले तर चूक तिथेच मरेल. शेवटची तपासणी सहावं टेबल करेल, बाबा त्यांना शिकवतील. यांच्याएवढी नजर कुठल्या यंत्राला आहे, हे या साहेबांनाच विचारा."

यंत्रवाल्यानं घसा खाकरला आणि खरं तेच सांगितलं: चिठ्ठीवरचं अक्षर लावणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

मालकांचा चेहरा कसनुसा झाला. ते काकांजवळ आले. "काका, मला तुमच्याशी बोलायला हवं होतं. मी भ्यालो," ते म्हणाले.

"स्क्रू पिळताना पण भ्यायचास," बाबा म्हणाले. "धर तिकडून."

मालकांनी टेबलाचा एक कोपरा धरला, दुसरा दादांनी, तिसरा बाबांनी. चौथा मोकळा होता, तर थोरल्या बाई यंत्रवाल्याला म्हणाल्या, "उभे काय राहिलात, लावा हात!" त्यानंही लावला. सातवं टेबल वाजतगाजत पहिल्यापाशी गेलं. नाव मात्र काही बदललं नाही. पहिल्या टेबलावर बसूनही ते 'शेवटचे काका'च राहिले.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर बाबांनी कसेबसे दोन घास घेतले. मग त्यांच्यानं राहवेना. "आज कारखान्यात काय झालं माहिताय..."

सासूबाईंनी डाव वर उचलला. "उंबऱ्याच्या आत काय काढायचं नाही?"

बाबांनी सूनबाईकडे पाहिलं, आणि मग बायकोकडे. "का गं? कशासाठी केला होतास हा नियम?"

सासूबाई विचारात पडल्या. डाव हळूहळू खाली आला. "हा अभ्यासाला बसायचा ना शेजारी," मुलाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "तुमच्या बोलण्यानं त्याचं लक्ष लागेना. म्हणून म्हटलं, याची परीक्षा होईपर्यंत..."

चाळिशीला टेकलेला तो परीक्षार्थी पाणी पिता पिता जोरात ठसकला. सूनबाईनं त्याची पाठ थोपटली.

"झाली त्याची परीक्षा!" बाबा म्हणाले आणि त्यांनी सोमवारपासून सगळं सांगायला सुरुवात केली. बावीस वर्षं, नाच, खिडकी, घड्याळजी, सगळं, हातवारे करून. सासूबाई ताट बाजूला सारून ऐकत बसल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "पण मग यात सूनबाईनं केलं काय?"

"तिनं?" बाबा म्हणाले. "ती बघत बसली. तुला वाटतं तितकं सोपं नसतं ते."